थोरलीची भट्टी

घरात तिला सगळे थोरली म्हणत. थोरली म्हणायला घरात एखादी धाकटी असावी लागते. धाकटी जाऊ होतीही, पण लग्नानंतरचा पहिला हिवाळा तिने या घरात कसाबसा काढला आणि बर्फ वितळायच्या आत नवऱ्याला घेऊन ती दुसऱ्या शहरात, नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. मागे थोरली उरली, तिचं हे नाव उरलं आणि तळघरातली भट्टी उरली.

घर चढाच्या गल्लीच्या टोकाला होतं. अरुंद, तीन मजली, उंच छताचं. खिडक्या एकेरी काचेच्या आणि लाकूड आकसलेलं, त्यामुळे बंद केल्या तरी पडदा हलत राही. वारा गल्लीत शिरला की वाटेत कुणाला फारसा त्रास न देता थेट या घरावर येऊन आदळे. हिवाळा तर तिथला असा, की पाहुण्यासारखा येई आणि जावयासारखा राही.

भट्टी सासऱ्यांनी बनवलेली. ते तरुणपणी एका कापडगिरणीत बॉयलरवर होते. गिरणीने बॉयलर मोडीत काढला तेव्हा त्यातलं चांगलं लोखंड त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी घरी आणलं आणि तळघरातच बसून जोडलं. पुढून कोळसा टाकायचा, खालून राख काढायची, वरच्या टाकीत पाणी तापायचं आणि ते नळांतून चढून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत फिरायचं. काम पक्कं होतं. गल्लीतल्या इतर घरांत लोक स्वयंपाकघरात स्टोव्ह लावून त्याच्याभोवती बसत, तेव्हा या घरात तिसऱ्या मजल्यावरसुद्धा माणूस बिनास्वेटरचा फिरू शके. सासऱ्यांना त्याचा फार अभिमान. नवीन कुणी आलं की ते त्याचा हात धरून रेडिएटरवर ठेवत. "बघा," म्हणत. पाहुणा चटका बसून हात मागे घेई, आणि सासरे समाधानाने हसत.

बनवली सासऱ्यांनी, पण पेटवायच्या सासूबाई. ही वाटणी कुणी ठरवली नव्हती, ती होऊन गेली होती. पुढे सासूबाईंचे गुडघे गेले. थोरली नवीनच होती तेव्हा. एका सकाळी सासूबाईंनी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून लोखंडी सळई तिच्या हातात दिली. "आता तू बघ गं," एवढंच म्हणाल्या. थोरलीला वाटलं, आजच्या दिवसापुरतं.

त्यानंतर सासूबाई गेल्या, मुलगी मोठी होऊन शिकायला परगावी गेली, थोरलीचे केस कानांजवळ पांढरे झाले, आणि ती अजून बघत होती.

घरात सगळ्यात आधी तिने उठायचं. गार जिना उतरून तळघरात जायचं. राखेखाली रात्रीचे निखारे जिवंत असले तर दिवस बरा. सळईने जाळी हलवायची, राख बादलीत ओढायची, वर थोड्या लाकडाच्या ढलप्या आणि मग कोळसा. एकदम टाकला तर दडपून विझतो, कमी टाकला तर दुपारी घर थंड पडतं. झडप किती उघडी ठेवायची ते वाऱ्यावर अवलंबून, आणि वारा कुणाच्या बापाचा नोकर नव्हता. मग राखेची बादली वर, कोळशाची बादली खाली, पुन्हा वर. हे आटपलं की हात घासून चहा, डबे आणि कामावर.

काम लाँड्रीत होतं. मोठी लाँड्री, हॉटेलं आणि हॉस्पिटलांच्या चादरी धुणारी. थोरली इस्त्रीच्या मोठ्या रुळावर असे. दोघी बायका ओलसर चादर दोन टोकांना ताणून रुळात सोडायच्या, पलीकडे दोघी घडी घालायच्या. दिवसभर अंगाला वाफ. घरी आली की पुन्हा भट्टीची धग. थंडी काय ती येण्या-जाण्याच्या रस्त्यावर भेटे, आणि खरं सांगायचं तर ती थंडी तिला बरी वाटे. गल्लीच्या वळणावर ती उगाच दोन मिनिटं थांबे. लोकांना वाटे, चढ चढून दम लागला असेल.

उजवा खांदा हळूहळू धरायला लागला होता. आधी बादली उचलताना, मग केस विंचरताना, मग नुसतं कुशीवर झोपतानासुद्धा. नवऱ्याला तिने सांगितलं होतं. नवरा बस डेपोत मेकॅनिक, कायमचा रात्रपाळीवर. सकाळी ती कामाला निघायची तेव्हा तो घरी येऊन झोपायचा. मनाने सरळ माणूस. कधी आवाज चढवला नाही, कधी कुठली गोष्ट नाकारली नाही आणि कधी केलीही नाही. कशालाही त्याचं उत्तर एकच असे, "बघू." डेपोतसुद्धा त्याला सगळे बघू म्हणूनच ओळखत.

"अहो, खांदा फार दुखतो हो," ती म्हणाली होती.

"डॉक्टरकडे जायला पाहिजे," तो काळजीने म्हणाला. "बघू."

मग पालिकेने फतवा काढला. हिवाळाभर गल्लीवर करडा धूर बसून राही, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडत, म्हाताऱ्यांचे खोकले वसंतापर्यंत जात नसत. तेव्हा आता घरोघरच्या कोळशाच्या भट्ट्या बंद करायच्या. त्याऐवजी सूर्य, हवा, जमीन, लाकडाचा भुसा, ज्याला जे परवडेल आणि जमेल ते बसवा. बराचसा भार पालिका उचलेल. येता हिवाळा चालेल, पण त्याच्या पुढच्या हिवाळ्याच्या आत निर्णय घ्या.

सासऱ्यांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि खुर्चीच्या डगमगणाऱ्या पायाखाली सारला.

"माझ्या हयातीत ती भट्टी हलणार नाही," ते म्हणाले.

पण बातमी मुलांपर्यंत गेलीच. एका रविवारी दीर आणि नणंद दोघंही आली. दीर कॉम्प्युटरवर काम करणारा. कुठलाही विषय आदल्या दिवशी वाचून दुसऱ्या दिवशी त्यातला जाणकार होण्याची त्याला हातोटी होती. नणंदेला घरात काय शोभून दिसेल याची जाण चांगली, आणि ती जाण ती सगळ्यांना सारखी वाटत असे.

"हीट पंप," दीर कोटसुद्धा न काढता म्हणाला. "डोळे झाकून हीट पंप. फ्रिज कसा आतली उष्णता ओढून बाहेर टाकतो, तसा हा बाहेरची ओढून आत आणतो."

"बाहेर उष्णता कुठे आहे?" सासरे म्हणाले. "बाहेर उष्णता असती तर घर कशाला बांधलं असतं?"

"बाबा, थंड हवेतसुद्धा थोडी असते."

"असेल. तुझ्यात अक्कल असते तेवढी."

नणंद हसली. मग तिने मोबाइलवर फोटो दाखवला. काचेच्या दाराचा सुरेख स्टोव्ह, आत नारिंगी ज्वाळा. "हे बघा. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळायच्या. धूर नाहीसारखाच. आणि जाळ दिसतो हो बाबा. जाळ दिसला नाही तर घर कसलं? माझ्या मैत्रिणीकडे आहे. पुढे बसून कॉफी प्यायला काय मजा येते."

मग सूर्याची गोष्ट निघाली. छतावर पाणी तापवायच्या नळ्या टाकता येतील. पण घरामागे टेकडी, हिवाळ्यात दुपार कलली की ऊन गायब. उन्हाळ्यात अंघोळीला मुबलक गरम पाणी मिळेल, तेव्हा ते नको असतं. जमिनीत खोल नळ पुरायची गोष्ट निघाली. पण अंगण म्हणजे दोन माणसं आणि एक सायकल. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बघू."

थोरली चहा घेऊन आली, कप ठेवले, आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी राहिली. बोलणं पुन्हा भुशाच्या गोळ्यांवर आलं होतं. सासरेसुद्धा जरा नरमले होते, कारण काही म्हटलं तरी त्यात जाळ होता.

"गोळ्या येतात कशात?" थोरलीने विचारलं.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "पोत्यांत," नणंद म्हणाली. "छान पॅक केलेल्या असतात वहिनी, हात काळे होत नाहीत."

"पोतं जड असतं?"

"असेल थोडं. का गं?"

"ते उचलणार कोण?"

प्रश्न तिने भांडायला म्हणून विचारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दिराने चहाचा घोट घेतला आणि तोंड भाजून घेतलं.

"आजवर कोळसा कोण उचलत होतं?" शेवटी सासरे म्हणाले.

"मी," थोरली म्हणाली.

ते ऐकून सासरे असे थबकले, की जणू त्यांना वाटत होतं कोळसा आपल्या पायांनी चालत येतो. मग त्यांनी विषय बदलला. संध्याकाळी दीर आणि नणंद आपापल्या घरी गेले, निर्णय काहीच झाला नाही. थोरलीने कप धुतले आणि दुसऱ्या दिवशीसाठी ढलप्या फोडून ठेवल्या.

हिवाळा लागला. त्या वर्षी जरा लवकरच. लाँड्रीत एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या वाटणीच्या चादरी उरलेल्यांवर आल्या. थोरली घरी येई तेव्हा तिला बोलायचाही कंटाळा असे. जेवताना घास हातात धरूनच डोळा लागे. नवरा तिला हळूच हलवून म्हणे, "अगं, जेव." त्याला वाईट वाटत असे, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत असे. पण चेहऱ्याने बादली उचलली जात नाही.

एका सकाळी ती नेहमीसारखी उठली. जिना उतरली. भट्टीचं दार उघडलं. निखारे विझले होते. असं पूर्वीही कित्येकदा झालं होतं. त्यात नवल काही नव्हतं. जाळी साफ करायची, कागद, ढलप्या, काडी, फुंकर. तिने सळई उचलली, आणि मग ती तशीच हातात धरून कोळशाच्या पेटीच्या कडेवर बसली. जरा टेकू म्हणून. खांदा ठणकत होता, पण रोजच्यापेक्षा जास्त नाही. तिला राग आला नव्हता. रडूही येत नव्हतं. नुसतं उठवत नव्हतं. आपण आता उठायचं आहे असं ती मनाशी म्हणे आणि अंग ऐकून न ऐकल्यासारखं करी. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो पाण्याला न लागता नुसताच लोंबत राहावा, तसं काहीसं.

वर हळूहळू नळ गार झाले. पाणी गार झालं की ते नळ टकटक वाजत. ती टकटक तिने खाली बसून ऐकली. नवरा कामावरून आला, त्याने वर हाक मारली, मग तळघराच्या दारातून वाकून पाहिलं. "अगं? काय झालं?"

"काही नाही."

"कामावर नाही गेलीस?"

"नाही."

"बरं नाही का?"

"बरी आहे. तुम्ही झोपा."

तो तिथेच उभा राहिला. बघू म्हणाला नाही, हे विशेष. मग तो वर गेला, आणि तिला वाटलं झोपायला गेला. पण थोड्या वेळाने जिन्यावर दुसरीच पावलं वाजली. एकेक पायरी, मध्ये थांबा, पुन्हा एक पायरी. सासरे उतरत होते, मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन. सासूबाई गेल्यापासून त्यांनी तळघरात पाऊल टाकलं नव्हतं.

शेवटच्या पायरीवर ते दम खात उभे राहिले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग मुलाला म्हणाले, "तू जा वर. चहा टाक." मुलगा गेला.

सासरे भट्टीपाशी आले, दार उघडून आत डोकावले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"जाळी तुटलेली आहे," ते म्हणाले.

"हो."

"ही पट्टी कुणी बांधली?"

"मीच. लाँड्रीत जुना रूळ मोडला होता, त्यातली पट्टी आणली. कोळसा खाली पडत होता."

"कधी?"

"झाली काही वर्षं."

"मला सांगितलं नाहीस?"

थोरलीने सळई भिंतीला टेकवून ठेवली. "सांगितलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, माझी जाळी तुटणार नाही."

सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले, हात स्वच्छच होते तरी. मग ते तिच्या शेजारी, पेटीच्या दुसऱ्या कडेवर बसले. सासरे-सून असे शेजारी कधी बसले नव्हते. दोघंही समोरच्या विझलेल्या भट्टीकडे पाहत राहिली, स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या अनोळखी माणसांसारखी.

"गिरणीत आम्ही सहा जण होतो एका बॉयलरवर," ते म्हणाले. "पाळीने. एकाने सतत टाकत राहायचं असं नव्हतं. नियमच होता तसा. माणूस मरेल म्हणून."

"मग घरी?"

"घरी काय, छोटी भट्टी. मला वाटलं, छोटी आहे."

वरून कपबशांचा आवाज आला. काहीतरी फुटलं.

"तुझ्या सासूचे हात," सासरे म्हणाले, "शेवटी शेवटी तिला कप धरता येत नव्हता. मला वाटायचं, वयामुळे."

थोरलीला त्यांच्याविषयी काही वाटायला हवं होतं. कीव, माया, निदान राग. पण ती इतकी थकली होती की ते सगळं लांबच्या खोलीत कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटत होतं. "गार होईल तुम्हाला इथे," ती म्हणाली. "वर जा."

"पेटवतो आजच्या दिवस," ते म्हणाले.

आणि त्यांनी पेटवली. म्हणजे प्रयत्न केला. तीन काड्या वाया गेल्या, झडप उघडायची राहिली आणि तळघर धुराने भरून गेलं. दोघं खोकत खोकत वर आली. नवरा फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करत होता. त्याने दोघांचे काळे चेहरे पाहिले आणि खिडकी उघडली. बाहेरची थंडी आत आली, आणि सासरे म्हणाले, "त्या दीडशहाण्याला फोन लाव. काय तो पंप-बिंप म्हणत होता."

हे इतकं सोपं होईल असं वाटलं असेल तर तसं झालं नाही. वसंतात पंप बसवणारा आला. बोलका, टक्कल पडलेला माणूस. प्रत्येक खोलीत जाऊन तो भिंतीवर हात फिरवी आणि डॉक्टरसारखा 'हं' म्हणे. शेवटी म्हणाला, "पंप बसवतो, पण आधी हे घर शिवावं लागेल. जिथे तिथे उसवलेलं आहे. तुमची भट्टी निम्मं घर तापवत होती आणि निम्मी गल्ली."

सासऱ्यांना ते लागलं. "गल्लीनेही कधी आभार मानले नाहीत," ते म्हणाले.

मग उन्हाळाभर घराची शिलाई चालली. छतात कापसासारखं काहीतरी जाड भरलं. सासरे त्याला छताची गोधडी म्हणत. खिडक्या काढून दुहेरी काचेच्या बसवल्या. जुने रेडिएटर काढून मोठे, पसरट लावले, कारण पंपाचं पाणी भट्टीइतकं कढत नसतं. ते कोमट राहतं, पण दिवसरात्र फिरत राहतं. छतावर नळ्यांऐवजी विजेची पॅनलं टाकली, ऊन मिळेल तितकं मिळो म्हणून. घरभर चुन्याची धूळ. थोरली लाँड्रीतून येई आणि केर काढी, सकाळी पुन्हा काढी. उन्हाळा हा तिचा विसाव्याचा काळ असे, तो या वर्षी धुळीतच गेला. कधी कधी तिला वाटे, भट्टीच बरी होती. ती निदान हिवाळ्यातच छळायची.

भट्टी बाहेर काढायचा दिवस आला तेव्हा कळलं की ती दारातून निघतच नाही. सासऱ्यांनी ती आतच जोडली होती, तेव्हा ती आतच तोडावी लागणार. कामगारांनी घण आणले. सासरे सकाळीच कटिंगला म्हणून बाहेर पडले. थोरली घरी होती, रविवार होता. पहिला घाव बसला तेव्हा ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिच्या हातातली सुरी थांबली. तिला वाटलं होतं, हलकं वाटेल. ते काही झालं नाही. इतकी वर्षं रोज सकाळी सगळ्यात आधी जिचं तोंड पाहिलं ती ही भट्टी होती, सुखाची असो की दुःखाची. घाव मोजायचे नाहीत असं ठरवून तिने रेडिओ लावला.

सासरे दुपारी परत आले ते केस न कापताच. दुकान बंद होतं म्हणाले. रविवारी ते दुकान बंदच असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पहिल्या थंडीत पंप सुरू झाला. अंगणातल्या कोपऱ्यात पांढरी पेटी, तिच्यात पंखा, आणि झोपलेल्या मांजरासारखी बारीक घरघर. आत सगळीकडे सारखी, बेताची ऊब. सासरे सकाळ-संध्याकाळ प्रत्येक रेडिएटरला हात लावत फिरत. "याला ताप आहे की नाही तेच कळत नाही," ते म्हणत. पाहुण्याचा हात धरून ठेवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं, त्यामुळे ते जरा हिरमुसले होते. एका वादळात दिवसभर वीज गेली तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उजळला. सगळे कांबळी पांघरून स्वयंपाकघरात बसले आणि सासरे म्हणाले, "भट्टीला वीज लागत नव्हती." कुणी वाद घातला नाही. तरी घर पूर्वीसारखं लगेच गारठलं नाही. छताच्या गोधडीने संध्याकाळपर्यंत तग धरला. ते त्यांनी पाहिलं.

थोरली मात्र अजून त्याच वेळी उठत होती. डोळे आपोआप उघडत, पाय जमिनीवर टेकत, आणि मग आठवे की खाली काही नाही. ती पलंगाच्या कडेवर तशीच बसून राही. खांदा दुखायचा थांबला नाही. अखेर डॉक्टरकडे गेली, तेही नवऱ्याबरोबर, त्याने डेपोतून सुट्टी काढली होती. डॉक्टर म्हणाले, हे आता पूर्ण जाणार नाही, पण वाढू द्यायचं नसेल तर जपा. तिची समजूत होती की भट्टी गेली की थकवाही जाईल. तो गेला नाही. वर्षानुवर्षांचा साठा होता तो, कोळशासारखा, एका हिवाळ्यात संपणारा नव्हता.

आणि तिची सकाळ मोकळी झाल्याचा वास लोकांना लगेच लागला. लाँड्रीतली सुपरवायझर बाई म्हणाली, "आता तुझ्या घरी ते आपोआप चालणारं आलंय ना? मग पहाटेची पाळी घे. मला माणूस हवंच आहे."

पूर्वीची थोरली हो म्हणाली असती. त्या दिवशीही 'हो' जिभेवर आलं होतं. पण तिने चादरीचं टोक ताणलं, रुळात सोडलं, आणि म्हणाली, "नाही जमणार."

"का? काय काम असतं सकाळी?"

"बसते."

"बसतेस?"

"हो. बसते."

पलीकडून घडी घालणाऱ्या दोघी हसल्या, मग एकीने विचारलं, "कुठे गं बसतेस?" आणि दुसरी म्हणाली, "मला पण सांग." सुपरवायझर बाईने मान हलवली आणि पुढे गेली. थोरलीने पुढची चादर उलटीच रुळात सोडली. नाही म्हणायला इतके कष्ट पडतात हे तिला ठाऊक नव्हतं.

हिवाळा सरत आला तेव्हा एका रविवारी दुपारी नणंदेचा फोन आला. तिच्या इमारतीतही आता हीट पंपाचा विषय निघाला होता, आणि भुशाच्या स्टोव्हचा तिचा उत्साह मावळला होता. मैत्रिणीच्या स्टोव्हची राख उडून तिचे पांढरे सोफे खराब झाले होते. थोरली खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसून ऐकत होती. पायांवर शाल होती, गुडघ्यावर ऊन आलं होतं.

"मग वहिनी, खरं सांग," नणंद म्हणाली. "कशी आहे ऊब? म्हणजे वाटते कशी?"

थोरलीने विचार केला. "कळत नाही, ताई."

"कळत नाही म्हणजे?"

"म्हणजे लक्षातच येत नाही. बरीच असावी."

"असं काय गं बोलतेस? बरं, आवाज करतो का तो? रात्री झोपमोड होते का? आणि मला सांग, तो बाहेरचा डबा अगदीच बेढब दिसतो का? कारण आमच्या बाल्कनीत मी नुकत्याच कुंड्या लावल्यात..."

नणंद बोलत राहिली. कुंड्यांवरून ती बाल्कनीच्या रंगावर आली, रंगावरून शेजाऱ्यांवर. थोरली मधून मधून हुंकार देत होती, मग हुंकारही थांबले. फोन हातातून सुटून मांडीवर पडला आणि त्यातून "वहिनी? हॅलो? वहिनी, ऐकतेस ना?" असा बारीक आवाज येत राहिला.

सासरे पलीकडे पेपर वाचत होते. ते उठले, सावकाश आले, वाकून फोन उचलला आणि दारापर्यंत जाऊन हलक्या आवाजात म्हणाले, "झोपलीय ती. नंतर कर."

"दुपारची? बरी आहे ना ती?"

"बरी आहे," सासरे म्हणाले. "झोपू दे." आणि पुढचं काही न ऐकता त्यांनी फोन बंद केला.